आपाचे ब्रेड मशीन

दोन वर्षांपूर्वी, शाबान महिन्यात, माझी थोरली आपा कुवैतहून कायमची परत आली. दुल्हेभाईंची नोकरी संपली, व्हिसा संपला आणि बावीस वर्षांचा संसार अकरा खोक्यांत बांधून गावी आला. कोकणातल्या आपल्या घरांना हे नवे नाही. आखातातून येणाऱ्या खोक्यांची वाट बघतच आपल्यापैकी कितीतरी जणी लहानाच्या मोठ्या झाल्या. फक्त या वेळी खोक्यांबरोबर माणसेही आली होती आणि परतीचे तिकीट नव्हते.

रमजान गेला, ईद झाली. बकरी ईदनंतर मला कळले की आपा एकेक वस्तू विकते आहे. आधी व्हॅक्यूम क्लीनर गेला, मग मोठा मिक्सर, मग काचेचा डिनर सेट. घरात कुणालाच तिने सांगितले नव्हते. मी पैसे घेऊन गेले, तर तिने पाकीट उघडूनही न बघता माझ्या पर्समध्ये परत ठेवले. म्हणाली, "अल्लाहचा शुक्र आहे. लागतील तेव्हा मागेन." ती मागणार नाही हे मला माहीत होते. तिने आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलेले नाही.

तेवढ्यात माझी नजर ओट्याच्या कोपऱ्यात गेली. पांढरे, उभट, तांदळाच्या डब्याएवढे एक यंत्र, वर काचेची छोटी खिडकी.

"हे काय?"

"ब्रेडचे मशीन. याला इथे कोण घेणार?"

"मी घेते," मी म्हणाले. "दोन हजार देते."

"वेडी आहेस का? जुने आहे. हजारच दे."

बाजारात गिऱ्हाईक भाव पाडते आणि दुकानदार चढवतो. आमच्यात उलटे चालले होते. शेवटी पंधराशेवर तडजोड झाली. तिने नोटा मोजून घेतल्या, कारण हा व्यवहार होता, मदत नव्हती. तेवढ्यासाठीच मी ते मशीन घेतले होते. ब्रेड करण्याची हौस मला मुळीच नव्हती.

पहिले तीन ब्रेड

मशीन घरी आणल्यावर यांनी कपाळाला हात लावला. "गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे, रोज सकाळी पाववाला दारात येतो, आणि तू मशीन घेऊन आलीस?" मुलांनी मात्र टाळ्या वाजवल्या.

पहिली अडचण प्लगची. कुवैतचा प्लग चौकोनी दांड्यांचा, आपल्या सॉकेटमध्ये जात नाही. बाजारातून अ‍ॅडॉप्टर आणला. कुवैतची वीज २४० व्होल्टची आहे, आपली २३०ची, त्यामुळे तिथले यंत्र इथे निर्धास्त चालते. अमेरिकेतून आलेले ११० व्होल्टचे मशीन मात्र थेट आपल्या सॉकेटला लावले, तर जळून जाईल. आणलेल्या वस्तूच्या मागची पट्टी आधी वाचा.

मशीनची रचना म्हणाल तर सोपी आहे. आत एक काढता येणारे भांडे, भांड्याच्या तळाशी पीठ मळणारे छोटे पाते, खाली मोटर आणि पट्टा, भोवती तापणारी तार. बाकी सगळे काम वेळेचे. साधारण वीस-पंचवीस मिनिटे मळणे, मग पीठ फुगू देणे, पुन्हा थोडे दाबून पुन्हा फुगवणे आणि शेवटचा जवळजवळ तासभर भाजणे. साध्या ब्रेडला तीन ते साडेतीन तास लागतात. विजेचा खर्च वाटतो तेवढा नाही. तार तापते ती मुख्यतः शेवटच्या टप्प्यात, त्यामुळे एका ब्रेडला अर्ध्या युनिटच्या आतच वीज लागते.

आपाने सोबत दिलेल्या वहीच्या पानावर प्रमाण लिहिले होते. मैदा तीन कप, पाणी एक कप आणि थोडे, मीठ, साखर, तेल, यीस्ट. मी बी.एड. झालेली बाई, सातवीच्या मुलांना मराठी आणि उर्दूची दोन व्याकरणे शिकवते. तीन कप मैद्याचे मला काय अवघड?

पहिला ब्रेड विटेसारखा झाला. सुरी आत जाईना. दुसऱ्या वेळी मी यीस्ट दुप्पट घातले. ब्रेड खिडकीला टेकेपर्यंत फुगला आणि भाजता भाजता मधोमध खचला, जणू पावसात रस्ता खचावा. तिसऱ्या वेळी सगळे नीट चालले होते, पीठ सुंदर फुगले होते, आणि वीज गेली. आषाढातला कोकणातला पाऊस. वीज दीड तासाने आली तेव्हा मशीन सगळे विसरून पहिल्यापासून मळायला लागले होते.

अन्न फेकायचे नाही, ही अम्मीची शिकवण. विटेचा चुरा करून कबाबला लावला. खचलेल्या ब्रेडचे शाही तुकडे केले, ते मात्र सगळ्यांना आवडले. तिसऱ्या पिठाच्या तव्यावर रोट्या लाटल्या. पण आपाला मी यातले काही सांगितले नाही. तिने फोनवर विचारले, "ब्रेड कसा झाला?" मी म्हणाले, "छान." खरे सांगितले असते तर तिला वाटले असते की मी तिच्या गळ्यातले ओझे घेतले आणि पैसे फुकट घालवले. मला तिला विक्रेती ठेवायचे होते, गरजवंत नाही.

ओसाकाचा बेकर

त्याच दिवसांत शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात ऐकलेली गोष्ट मला आठवली. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या जपानी प्राध्यापकांनी ती १९९५ सालच्या आपल्या पुस्तकात सांगितली आहे. पुस्तक कंपन्यांमध्ये ज्ञान कसे तयार होते याविषयी आहे, पण गोष्ट नेमकी ब्रेड मशीनची.

१९८५च्या सुमारास ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीचे इंजिनिअर घरगुती ब्रेड मशीन बनवण्याच्या मागे लागले होते. ही कंपनी आज पॅनासोनिक नावाने ओळखली जाते. त्यांचा ब्रेड बाहेरून करपायचा आणि आतून कच्चा राहायचा. यंत्राने मळलेले पीठ आणि कसबी बेकरने मळलेले पीठ यांचे त्यांनी एक्स-रे काढून बघितले, तरी काही कळेना. शेवटी इकुको तनाका नावाची सॉफ्टवेअरवर काम करणारी मुलगी म्हणाली, शहरात ज्या हॉटेलचा ब्रेड नावाजलेला आहे, त्याच्या मुख्य बेकरकडेच शिकायला जाऊ. ती ओसाका इंटरनॅशनल हॉटेलात उमेदवारी करू लागली. बघता बघता तिच्या लक्षात आले की बेकर पीठ नुसते ताणत नाही, ताणताना पिळतोही. ही गोष्ट त्या बेकरने कधी कुणाला सांगितली नव्हती. त्याला ती सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. त्याच्या हाताला माहीत होती. मग इंजिनिअरांनी भांड्याच्या आतल्या बाजूला उभ्या कडा बसवल्या, म्हणजे फिरणारे पीठ त्यांना अडून पिळले जाईल. १९८७ साली ते मशीन बाजारात आले.

मी उठून आपाच्या मशीनचे भांडे हातात घेतले. आतून बोट फिरवले. उभी कड बोटाला लागली. मनात म्हटले, त्या इंजिनिअरांना बेकरच्या दारात जायला लाज वाटली नाही, आणि मला माझ्या सख्ख्या बहिणीला विचारायला लाज वाटते?

रविवारी सकाळी चौथा ब्रेड, तोही विटेसारखाच, फडक्यात गुंडाळून आपाकडे गेले.

पिठाला हात लावून बघ

आपाने ब्रेड हातात घेतला, वजन अंदाजले, टिचकी मारली आणि हसायला लागली. कुवैतहून आल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. डोळे पुसत म्हणाली, "चल तुझ्या घरी."

आल्या आल्या तिने यीस्टचा डबा उघडून वास घेतला. मग वाटीत कोमट पाणी घेतले, बोट बुडवून बघितले, चिमूटभर साखर आणि चमचाभर यीस्ट घातले आणि झाकून ठेवले. दहा मिनिटांनी झाकण काढले. पाणी जसेच्या तसे. "मेलेले आहे," ती म्हणाली. "जिवंत असते तर एव्हाना फेस आला असता." तो डबा गेल्या वर्षीचा होता, झाकण उघडून कपाटात पडलेला. शिवाय पीठ लवकर फुगावे म्हणून मी चहाला चालेल असे कडकडीत पाणी घालत होते. यीस्ट हा सजीव आहे, हे मी विज्ञानाच्या पुस्तकात मुलांना दाखवले असेल. आंबण्यामागे सजीव असतात हे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले. पण आपण उकळत्या पाण्याने त्यांना मारतो आहोत, हे माझ्या डोक्यात आले नव्हते. खमीर हा आपला जुना शब्द, खमिरी रोटी आपल्या घरातली. तरीही.

नवे यीस्ट आणले. आपाने तिच्या प्रमाणाने सगळे घातले, मशीन सुरू केले आणि मी खुर्चीवर टेकले. ती उभीच राहिली. सात-आठ मिनिटांनी तिने झाकण उघडले. मी ओरडले, "अगं, चालू आहे!"

"मळताना उघडायचेच असते. भाजताना नाही उघडायचे." तिने पीठ बोटाने दाबले. तिचा चेहरा पडला. पीठ सैल होते, भांड्याला चिकटत होते. तिचे स्वतःचे, पंधरा वर्षे वापरलेले प्रमाण इथे चुकले होते.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिथे चोवीस तास एसी होता. हवा कोरडी. पीठही वेगळे. इथे पावसात मैदाच ओला झालेला असतो." तिने दोन चमचे मैदा भुरभुरला, थांबली, पुन्हा एक चमचा घातला. गोळा भांड्याच्या कडा सोडून गोल फिरायला लागला. तिने पुन्हा दाबून बघितले आणि मला म्हणाली, "आता तू बघ. अम्मी काय म्हणायची, आठवते?"

आठवत होते. पीठ कानाच्या पाळीसारखे लागले पाहिजे. मी एका हाताने पीठ दाबले आणि दुसऱ्याने कानाची पाळी. आम्ही दोघी पन्नाशीकडे झुकलेल्या बायका कान धरून मशीनपुढे उभ्या होतो, आणि दारात माझा मुलगा फोटो काढत होता.

त्या दिवशीचा ब्रेड चांगला झाला. फार उंच नाही, पण मऊ. सालपट कुरकुरीत. यांनी तिसरा तुकडा घेताना पाववाल्याचे नावही काढले नाही.

वहीत लिहिलेले

त्यानंतर प्रत्येक रविवारी आपा येऊ लागली. पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा, तिन्ही ऋतूंत करून बघितल्यावर आम्ही जे ठरवले ते इथे देते.

कप सोडून द्या, काटा घ्या. प्रत्येकीचा कप वेगळा, आणि दाबून भरलेला व हलका भरलेला मैदा यांत बराच फरक पडतो. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा हीच खरी सुरुवात.

एका मध्यम ब्रेडला आमचे प्रमाण असे: मैदा ४५० ग्रॅम, पाणी २७० मिली, तेल दोन मोठे चमचे, साखर दीड मोठा चमचा, मीठ दीड छोटा चमचा, इन्स्टंट यीस्ट दीड छोटा चमचा. आधी पाणी आणि तेल, मग मीठ-साखर, वर मैदा आणि मैद्याच्या मधोमध खळगा करून यीस्ट. यीस्टला मळणे सुरू होईपर्यंत पाणी आणि मीठ लागू द्यायचे नाही.

गव्हाचे पीठ घालायचे असेल तर तिसरा हिस्सा घाला, म्हणजे ३०० ग्रॅम मैदा आणि १५० ग्रॅम कणीक. गिरणीची कणीक पाणी जास्त पिते, म्हणून पाणी दोन मोठे चमचे वाढवा. कोंड्यामुळे ब्रेड थोडा बसका होतो, हा दोष नव्हे.

पावसाळ्यात पाणी दोन चमचे राखून ठेवा आणि पीठ बघून घाला. एप्रिल-मेमध्ये पीठ इतक्या झपाट्याने फुगते की भाजायच्या आधीच खचते. तेव्हा माठातले गार पाणी वापरा आणि यीस्ट एक छोटा चमचाच घाला.

मध्ये खचला तर पाणी किंवा यीस्ट जास्त झाले असे समजा. विटेसारखा झाला तर यीस्ट मेलेले किंवा पाणी कमी. अजिबात चव नाही आणि भसाभसा फुगला, तर मीठ विसरलात. मीठ नुसते चवीला नसते, ते यीस्टला लगाम घालते.

वीज गेली तर घाबरू नका. मळताना गेली तर आल्यावर पुन्हा सुरू करा. फुगताना गेली तर झाकण न उघडता तसेच फुगू द्या आणि वीज आल्यावर फक्त भाजण्याचे बटण लावा. भाजायच्या वेळी गेली आणि लवकर येणार नसेल, तर भांड्यातून काढून जाड बुडाच्या पातेल्यात झाकण घालून मंद आचेवर पूर्ण करा. देखणा होणार नाही, पण खाता येईल.

घरच्या ब्रेडमध्ये टिकवण्याचे औषध नसते. आपल्या पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरशी धरू शकते. पूर्ण गार झाल्यावरच कापा, आणि उरलेले काप फ्रीजरमध्ये ठेवा.

रमजानमध्ये मात्र या मशीनचा खरा उपयोग कळला. ब्रेड न भाजता फक्त पीठ मळून फुगवून देण्याचे एक बटण असते. असरच्या नमाजला उठण्याआधी दूध, तूप, मैदा, यीस्ट घालून ते बटण लावायचे. दीड तासाने शीरमालचे किंवा खमिरी रोटीचे पीठ तयार. रोजा असताना मळण्याची मेहनत वाचते, आणि ज्यांचे मनगट दुखते त्यांना तर फारच सोय.

जुने मशीन घेताना

आपल्या भागात आखातातून परतलेल्या घरांत अशी मशीन माळ्यावर पडून असतात. घेण्यापूर्वी चार गोष्टी बघा. भांड्यात पाणी घालून अर्धा तास ठेवा. तळातून गळत असेल तर आतली रबरी कडी गेली आहे. पाते बसवून दोन वाट्या घट्ट पीठ मळून बघा. मोटर गुरगुरते पण पाते अडखळते, तर पट्टा सैल झालेला असतो. आमचा पट्टा मिक्सर दुरुस्त करणाऱ्याने बदलून दिला. भांड्याचा काळा लेप खरवडलेला नसावा. आणि पाते सोबत आहे ना, हे नक्की बघा. ते ब्रेडच्या तळात अडकून येते आणि कधीकधी ब्रेडबरोबरच शेजारच्या घरी जाते.

पाचवी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. जिच्याकडून घेता तिला अर्धा तास शेजारी बसवून एक ब्रेड करायला सांगा. पुस्तिका हरवली तरी चालेल, ती बाई हरवू देऊ नका.

हिशेब

एका रविवारी भांडे पुसता पुसता मी सहज विचारले, "आपा, हे घेतले कधी होतेस?"

"२००९. वरच्या मजल्यावर फिलिपिन्सची एक नर्स राहायची. ती घरी परत चालली होती, तिने विकले. मलाही जुनेच मिळाले." मग थोडे थांबून म्हणाली, "तिथे खुब्ज स्वस्त. कोपऱ्यावर इराणी तंदूर. पण आपल्या बिल्डिंगमधल्या मुलांना डब्यात मऊ ब्रेड लागायचा. मी चार-पाच घरांना द्यायचे. आठवड्याला दहा-बारा."

"मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचे? तुझी बी.एड.ची फी त्यातूनच तर गेली."

माझ्या हातातले फडके तसेच राहिले. दोन मुले झाल्यावर, बत्तिसाव्या वर्षी मी बी.एड.ला बसले. सासरी फीवरून कुरबूर होती. तेव्हा कुवैतहून पैसे आले होते. दुल्हेभाईंनी पाठवले असे आपा म्हणाली होती, आणि मी ईदला त्यांना हाताने लिहून आभाराचे पत्र पाठवले होते.

"त्यांच्या नावाने पाठवले," आपा म्हणाली. "माझ्या नावाने आले असते तर तू घेतले नसतेस."

ती दहावीला शाळेत पहिली आली होती. त्याच वर्षी तिचे लग्न ठरले. मी सात वर्षांनी लहान, म्हणून शिकले. हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नाही, पण दोघींना माहीत आहे.

त्या दिवशी मी मशीन परत न्यायला सांगितले. ती म्हणाली, "विकलेली वस्तू मी परत घेत नाही." आवाजात जराही फरक नाही. मग मीही तिचीच बहीण आहे. मी म्हणाले, "मशीन माझे, हात तुझा. शाळेतल्या बाई रोज विचारतात की ब्रेड कुठून आणला. मी विकायला ठेवते. मैदा, यीस्ट, वीज वजा करून अर्धे तुझे." तिने कागद-पेन मागितले. मैद्याचा भाव विचारला, विजेचे बिल बघितले, आणि माझ्या हिशेबातली एक चूक काढून दाखवली. मग हो म्हणाली.

आज आठवड्याला आठ ब्रेड जातात, रमजानच्या आधी शीरमालची मागणी वेगळी. या पैशांनी कुणाचा संसार चालत नाही. पण गेल्या महिन्यात आपाने तिचा शिवणयंत्राचा सौदा मोडला. गिऱ्हाईक दारात आले होते, तिने परत पाठवले. मला सांगितलेही नाही. रविवारी तिच्या घरी गेले तेव्हा यंत्र खिडकीशी होते आणि त्यावर नातीचा फ्रॉक अर्धा शिवलेला होता.

भगिनींनो, तुमच्या ओळखीत कुणी परदेशातून परत आली असेल आणि सामान विकत असेल, तर एखादी वस्तू जरूर घ्या. भाव कमी करू नका. आणि घरी आणून ठेवल्यावर तिला बोलवा, म्हणा, मला हे चालवता येत नाही, शिकव.